डावीकडून दुसरं घर

त्या घराचा दंड मी कमी करून आणला, म्हणूनच ते हमीदभाईंना राहायला मिळालं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी कितीही सारवासारव केली तरी सुरुवात इथेच होते.

मी अनुराधा. दुबईतल्या एका बँकेत नोकरी, अल बर्शात भाड्याचा फ्लॅट, नवरा शैलेंद्र आणि दहावीतली मुलगी शुभ्रा. बँकेत मी काय करते ते लोकांना आधी कळत नाही, आणि कळलं की कंटाळा येतो. माणसं कर्ज काढून व्हिला घेतात, हप्ते थकतात, मग एक दिवस किल्ली टेबलावर ठेवून विमानात बसतात. घर बँकेच्या गळ्यात पडतं. बँकेला घर नको असतं, पैसे हवे असतात. त्यामुळे घर उन्हात पडून राहतं. कुंपणाची भिंत ढासळते, कोणीतरी रात्रीत डबर आणून ओततं, पूलमध्ये हिरवं पाणी साचून डास होतात. पालिकेचा माणूस येतो, दंड लावतो. कोणी भरत नाही, तो पुन्हा येतो. असा साचलेला दंड फिटेपर्यंत घर विकता येत नाही की भाड्याने देता येत नाही. हा दंड कमी करून आणणं, हीच माझी नोकरी.

आणि त्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. आमचा मॅनेजर कुशल मीटिंगमध्ये म्हणायचा, "फाइल अनुराधाकडे द्या, खलास." मी वरवर हसायचे, पण आतून फुगायचे. युक्ती कसली, सरळ काम असतं. जो नियम मोडला होता तो आता पाळलाय, हे पालिकेला दाखवायचं. त्यासाठी एक नम्र अर्ज, कंत्राटदाराचा सहीशिक्क्याचा दाखला आणि दोन फोटो: एक आधीचा, एक नंतरचा. आधीच्यात भगदाड, नंतरच्यात भिंत. घरं बघायला मी स्वतः कधी जात नसे. फोटो असताना एवढ्या लांब उन्हात कोण जाईल?

हमीदभाई हे आमचे कंत्राटदार. मूळचे दाभोळचे, वीस वर्षं इथे. चार माणसं, एक पिकअप आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी इन्शाल्ला. शारजात दोन खोल्यांत राहायचे, आणि त्यातल्या एका खोलीत सिमेंटची पोती असायची. बायको शहनाझ आणि दोन्ही मुलं गावाकडे. दर वर्षी म्हणायचे, "मॅडम, पुढच्या वर्षी फॅमिली आणतो." दर वर्षी भाडं वाढायचं आणि फॅमिली तिकडेच राहायची.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे सहा व्हिलांची एक रांग आली. उत्तरेला, रास अल खैमाच्या रस्त्याला, सिमेंटच्या कारखान्यांच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. बांधणाऱ्याने एकाच साच्यातून काढलेली सहा घरं. नंबरच्या पाट्या वाऱ्याने कधीच गेलेल्या. पाच घरांचे दंड किरकोळ होते. दोन नंबरच्या घराचा मात्र दोन लाख दहा हजार दिरहम, म्हणजे आपले जवळजवळ पन्नास लाख रुपये. मी मोठ्याने "बाप रे" म्हणाले, आणि मला आनंद झाला. मोठा दंड म्हणजे मोठी सूट, आणि मोठी सूट म्हणजे माझं नाव.

दंड एवढा का, ते इन्स्पेक्टरच्या फोटोत दिसत होतं. मागच्या अंगणात जमिनीखालची पाण्याची टाकी. झाकण गायब. वर कुजकं प्लायवूड, त्यावर वाळूचा थर. एका कोपऱ्यात प्लायवूड मोडलेलं आणि आत काळोख. त्या काळोखात उतरणाऱ्या लोखंडी शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या. अहवालात लिहिलं होतं, जिवाला धोका. आत जुनं पाणी कुजलंय, वायू असू शकतो, कोणी उतरू नये, असंही पुढे होतं. मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी हमीदभाईंना जागेचा नकाशा पाठवला. त्यावर घरांचे आकडे नव्हते, नुसते सहा चौकोन. मी डावीकडून मोजलं, एक, दोन, आणि दुसऱ्या चौकोनाला लाल गोल केला. मुदत संपायला दोन दिवस होते. खाली लिहिलं, टाकीवर स्लॅब घाला, उद्या फोटो हवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, टाकीला तर लोखंडी झाकण आहे. चांगलं जाड आहे, मी वर उभा राहून बघितलं."

इथे मी थांबायला हवं होतं. फोटोत झाकण नाही आणि जागेवर आहे, एवढं कळायला काही फार अक्कल लागत नाही. पण कुशल माझ्या टेबलाशी उभा होता आणि पालिकेचं पोर्टल उघडं होतं.

"कोणीतरी मधे बसवलं असेल," मी म्हणाले. "तुम्ही वरून स्लॅब घाला. फोटोत सिमेंट दिसलं पाहिजे."

"बिनकामाचा खर्च आहे, मॅडम."

"हमीदभाई, यल्ला, चला, मला पाचच्या आत फोटो द्या."

फोटो साडेचारला आला. ओलं, करडं, सपाट सिमेंट. दाखल्यावर त्यांची सही. दोन महिन्यांनी दंड तीस हजारांवर आला. सात लाख रुपये. ऑफिसात केक कापला, आणि मी दोन तुकडे खाल्ले.

दंड भरून झाल्यावर बँकेने ते घर भाड्याने काढायचं ठरवलं. एवढ्या आडबाजूला कोण जाणार, म्हणून भाडं अगदी कमी. मला लगेच हमीदभाई आठवले. कुशलच्या मागे लागून मीच ते त्यांना मिळवून दिलं. त्या दिवशी त्यांचा आवाज भरून आला होता. "मॅडम, तुमचे उपकार फेडायचे कसे?" मला हे ऐकायला फार आवडलं. कोणाला आवडत नाही? महिनाभरात शहनाझ, नऊ वर्षांची हिबा आणि सहा वर्षांचा रुहान विमानाने आले आणि घर तयार होईपर्यंत शारजातच राहिले. शहनाझचं बालपण शारजात गेलेलं आणि मुलं गावी इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली, त्यामुळे पोरं लगेच रुळली, असं ते कौतुकाने सांगायचे.

मग तो सोमवार आला. संध्याकाळी मी घरी भाजी चिरत होते, आणि त्यांचा फोन आला.

"मॅडम, शिफ्ट झालो! सामान लागलं. शुक्रवारी जुम्म्यानंतर दावत आहे, तुम्ही यायचंच. आणि एक गंमत सांगू? मीटर लावायला माणूस आला तो सरळ दुसऱ्याच घरात शिरला. म्हणतो, दोन नंबर हाच. इथे नंबर उजवीकडून धरलेत. मी म्हटलं ठीक आहे बाबा, सगळी सारखीच आहेत, सामान तिथेच उतरवलं."

माझा सुरीवरचा हात थांबला.

"उजवीकडून?" मी विचारलं.

"हो."

"म्हणजे गेटसमोर उभं राहिलं की तुमचं घर उजवीकडून दुसरं? डावीकडून नाही?"

"डावीकडून पाचवं, मॅडम. तुम्ही या तर खरं, मी रस्त्यावर येऊन उभा राहतो."

बारा वर्षं मी या देशात काढली. इथलं पुस्तक उजवीकडून उघडतं, फॉर्म उजवीकडून भरतात, हे रोज बघते. आणि सहा चौकोन मी डावीकडून मोजले, कारण आपण तसं मोजतो. स्लॅब पडला झाकण असलेल्या टाकीवर. उघडी टाकी हमीदभाईंच्या मागच्या अंगणात होती, वाळूच्या खाली. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी तो स्लॅब म्हणजे ऑफिसवाल्यांची एक कागदी हौस. घराला पाणी त्यांनी गच्चीवरच्या नव्या टाकीतून घेतलं होतं, जमिनीखालच्या टाकीकडे बघायचं त्यांना कारणच नव्हतं.

"हमीदभाई," मी म्हणाले. पुढे एकच वाक्य होतं. मागच्या अंगणात पोरांना जाऊ देऊ नका. सहा शब्द.

"बोला मॅडम."

"येते," मी म्हणाले. "शुक्रवारी नक्की येते."

त्या रात्री मी शैलेंद्रला सांगितलं. त्याची नोकरी मागच्या जूनमध्ये गेली होती. तो आणि शुभ्रा माझ्या व्हिसावर होते, फ्लॅट माझ्या नावावर, शुभ्राची फी माझ्या पगारातून. खोट्या फोटोवर सूट घेतली हे बाहेर आलं तर दंड पुन्हा पूर्ण बसणार होता, आणि नोकरी जाणं ही त्यातली सर्वात हलकी शिक्षा होती. दाखल्यावर सही हमीदभाईंची, म्हणजे तेही अडकले असते. हे शेवटचं कारण मी त्याला फार जोर देऊन सांगितलं. आपल्या भीतीला दुसऱ्याची काळजी म्हणायला मी तेव्हाच शिकले.

"आत्ता फोन कर," शैलेंद्र म्हणाला.

"फोनवर काय सांगू? ते विचारतील कसं काय. शुक्रवारी जातेच आहे. समोर बसून नीट सांगते, हळूच बुजवून टाकू. कोणाला कळणार नाही."

भाड्याचा चेक पुढच्या महिन्यात वटणार होता. शैलेंद्रने टीव्ही लावला.

मंगळवारी मी ऑफिसात ती फाइल उघडली आणि इन्स्पेक्टरचा फोटो मोठा करून पाहिला. शिडीच्या दोन पायऱ्या. मी तो बंद केला. जेवायच्या सुट्टीत पुन्हा उघडला.

बुधवारी मी मेसेज लिहिला: मागच्या अंगणात वाळूखाली टाकी उघडी आहे, मुलांना सांभाळा. अंगठा बटणावर होता. मग वाटलं, हे लेखी राहील. कागदावर आणि फोटोत जे आहे तेच खरं धरतात, यावर माझी आख्खी नोकरी उभी. माझ्याच हाताने मी पुरावा कसा देणार? मेसेज पुसला. त्याऐवजी लिहिलं, मुलं कशी आहेत? लगेच उत्तर आलं, एकदम मस्त, दिवसभर मागे खेळतात, हिबाला तर घरात बोलवावं लागतं. खाली हसरा चेहरा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि लागली नाही तेच बरं झालं.

गुरुवारी मी काहीच केलं नाही. ऑफिसातून येताना मिठाईचा बॉक्स घेतला.

शुक्रवारी सकाळीच निघाले, एकटी. शारजाच्या अलीकडे गाड्या अडकल्या आणि तासभर इंच इंच सरकत राहिल्या. ट्रॅफिक मोकळं झालं तेव्हा बारा वाजून गेले होते. पुढे रस्ता रिकामा, दोन्हीकडे भुरकट वाळू, आणि लांबवर कारखान्याची धूळ. तेवढ्यात फोन वाजला. हमीदभाईंनी फोटो पाठवले होते. पंधरा मिनिटांनी पेट्रोल पंप लागला, तिथे गाडी थांबवून मी ते उघडले. पहिल्यात हॉल, नवे पडदे. दुसऱ्यात रुहान, पांढऱ्या कपड्यात, मशिदीत जायला तयार. तिसऱ्यात मागचं अंगण. हिबा कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. ती जिथे उभी होती तिथली वाळू हाताने बाजूला सारलेली दिसत होती, आणि तिच्या टाचेमागे प्लायवूडची एक कड.

फोटो बघणं हा माझा धंदा. बारा वर्षं मी असल्या फोटोंत भेगा शोधल्यात. ती कड कुठली, हे मला लगेच कळलं.

मी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. जुम्म्याची वेळ झाली होती. हमीदभाई आणि रुहान मशिदीत, फोन आवाज बंद करून खिशात. शहनाझचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता. चौथ्यांदा लावला तेव्हा मी मोठ्याने म्हणत होते, उचला हो, उचला. पंपावरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मग मी मेसेज केला, तोच, बुधवारचा, शब्द न् शब्द. दोन राखाडी खुणा आल्या. वाचायला कोणी नव्हतं.

पुढची चाळीस मिनिटं मी गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही.

सहा घरांपैकी एकाच्याच दाराशी चपला होत्या. दार उघडं होतं. आतून कांदा तळल्याचा वास. शहनाझ ओढणी सावरत पुढे आली. "या ना ताई, या. हे येतीलच आता. केवढा घाम आलाय तुम्हाला! बसा, पंख्याखाली बसा."

"हिबा कुठाय?"

"मागे असेल. तिचं काय ते तिकडेच चालतं."

मी तिला जवळजवळ ढकलून स्वयंपाकघरातून मागे गेले.

अंगणात कोणी नव्हतं. नव्या दोरीवर कपडे वाळत होते. भिंतीजवळ लहान मुलीच्या गुलाबी चपला नीट जोडीने काढून ठेवलेल्या होत्या, घरात शिरताना काढतात तशा. आणि चपलांच्या पलीकडे प्लायवूडचा तुकडा सरकवलेला होता.

मी हाक मारली की नुसतीच किंचाळले, आठवत नाही. काळोखातून एक डोकं वर आलं. हिबा शिडीवर होती. एका हाताने कडा धरलेली, दुसऱ्या हातात आईच्या मोबाइलचा टॉर्च. खालून कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. मी गुडघ्यांवर पडून तिच्या दोन्ही दंडांना धरलं आणि ओढलं. ती वर आली, माझ्या अंगावर, आणि रडायला लागली. तिला लागलं नव्हतं, ती मला घाबरली होती. मोबाइल तिच्या हातून निसटला. पाण्यात पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. मी तो सगळा वेळ ऐकत होते.

शहनाझ धावत आली आणि भोकाकडे बघून जागच्या जागी खाली बसली. तेवढ्यात पुढच्या दाराशी हमीदभाईंचा आवाज आला, "मॅडम आल्या का?" ते रुहानचा हात धरून मागे आले. डोक्यावर अजून टोपी होती. त्यांनी आधी हिबाकडे पाहिलं, मग भोकाकडे, मग शिडीकडे.

"हे काय आहे?" त्यांनी मुलीला विचारलं. आवाज चढवला नाही.

हिबा हुंदके देत म्हणाली, "इट्स माय सीक्रेट रूम, अब्बा. आय डोन्ट गो फुल डाउन. एव्हरी डे ओन्ली वन मोर स्टेप."

"किती पायऱ्या?"

तिने बोटं मोजली. "ट्यूसडे वन. वेन्सडे टू. येस्टरडे थ्री. टुडे वॉज फोर. बट माय हेड वॉज पेनिंग, सो आय वॉज कमिंग अप."

मी तिचे दंड सोडले नव्हते. मंगळवार, बुधवार, काल, आज. मी फाइल उघडून बसले होते तेव्हा एक. मेसेज पुसला तेव्हा दोन. मिठाई घेतली तेव्हा तीन. मला स्वतःची किळस आली.

हमीदभाईंनी एक खडा उचलून आत टाकला आणि कान देऊन ऐकलं. मग डावीकडे मान वळवून कुंपणापलीकडे पाहिलं. दोन घरं सोडून पलीकडच्या अंगणात त्यांनीच घातलेला स्लॅब उन्हात पांढरा दिसत होता. त्यांना सगळं समजायला फार वेळ लागला नाही. वीस वर्षं सिमेंटमध्ये काढलेला माणूस. त्यांनी खिशातून फोन काढला, आवाज चालू केला, आणि माझा मेसेज तेव्हा त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला.

"हमीदभाई, सोमवारी मी पालिकेला सगळं लिहून देणार आहे," मी म्हणाले. "चूक माझी होती. तुमच्यावर काही येऊ देणार नाही. शप्पथ."

ते माझ्याकडे बघत नव्हते. हिबाच्या चपला उचलून त्यांनी त्यातली वाळू झटकली आणि एकेक करून तिच्या पायात घातली.

"सोमवारी फोनवर तुम्ही विचारलंत," ते म्हणाले, "उजवीकडून का डावीकडून. परत परत विचारलंत. मला वाटलं, मॅडमना दावतीला यायचा रस्ता समजून घ्यायचाय."

त्यांनी मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि बायकोला हाक मारली.

"शहनाझ, ऊठ. मॅडमना आधी वाढ. त्यांना लांब जायचंय."